बूडल फाइट की इनासाल? मनिलात हातानं जेवायचं तर

मनिलात कामासाठी येणारा मराठी माणूस आठवडाभरात एकदा तरी विचारतोच, की इथं हातानं जेवायला मिळतं म्हणे, जाऊ कुठं? एरवी फिलिपिनो लोक उजव्या हातात चमचा आणि डाव्या हातात काटा घेऊन जेवतात. कामायान, म्हणजे हातानं जेवण, घरी चालतं, समुद्रकाठी चालतं आणि त्यासाठीच काढलेल्या साध्या हॉटेलांत चालतं. या हॉटेलांचे ढोबळ दोन प्रकार. एकात बूडल फाइट मांडतात, दुसऱ्यात इनासाल, म्हणजे कोळशावर भाजलेली कोंबडी आणि भात. दोन्हीकडे मी बऱ्यापैकी जेवलो आहे, पाहुण्यांना घेऊन आणि एकटाही.

बूडल फाइट दिसायला जबरदस्त, यात वाद नाही. लांब टेबलावर केळीची पानं अंथरलेली, मधोमध भाताची टेबलभर लांब रास, आणि तिच्या अंगाखांद्यावर भाजलेलं लिएम्पो (डुकराच्या पोटाकडचं चरबीदार मांस), तिलापिया, माकुल, कोळंबी, शिनाणे, लाल कवचाची खारवलेली बदकाची अंडी, टोमॅटो, उकडलेली भेंडी, कैरीच्या फोडी. ही पद्धत फिलिपिन्सच्या लष्करातली. बागियोच्या लष्करी अकादमीत तयार झालेले अधिकारी आणि साधे जवान टेबलाच्या दोन्ही बाजूंना खांद्याला खांदा लावून उभ्यानं जेवतात, तिथं हुद्दा बघत नाहीत. हॉटेलवाल्यांनी त्याला खुर्च्या लावल्या आणि चौघांचं, सहाजणांचं, दहाजणांचं असे भाव लावले.

इनासालला असा थाट नाही. हा पदार्थ नेग्रोस बेटावरच्या बाकोलोद शहराचा. कोंबडीला कालामान्सी या इथल्या लहान लिंबाचा रस, व्हिनेगर, आलं, लसूण आणि गवती चहा लावून मुरवायचं, बांबूच्या काडीला टोचायचं आणि कोळशावर भाजताना वरून आत्सुएते या रंग देणाऱ्या बियांचं केशरी तेल फिरवत राहायचं. गंमत म्हणजे बाकोलोदचा हा पदार्थ देशभर पोहोचवणारी ‘मांग इनासाल’ ही साखळी निघाली शेजारच्या इलोइलोत, 2003 साली. 2010 मध्ये जॉलिबी या इथल्या मोठ्या फास्टफूड कंपनीनं तिचा मोठा हिस्सा घेतला आणि आता ती मॉलमॉलमध्ये दिसते. बाकोलोदच्या माणसासमोर हा विषय काढायचा तर वेळ हातात ठेवून काढावा.

एकाच राशीतून सगळ्यांनी खायचं म्हणजे उष्टं नाही का, हा प्रश्न आपल्याकडचे दबक्या आवाजात विचारतात. प्रत्यक्षात जो तो आपल्या पुढ्यातलाच भात ओढतो, आणि दोन घासांनंतर हद्दी आपोआप ठरतात. माझी तक्रार ती नाहीच.

माझी तक्रार गार भाताची आहे.

चमच्यानं जेवणाऱ्याला हे फारसं जाणवत नसावं. हातानं जेवताना अन्न जिभेच्या आधी बोटांना कळतं. इथला भात मऊ आणि जरासा चिकट असतो. गरम असताना बोटांच्या टोकांनी दाबला की सुरेख घास जमतो आणि अंगठ्यानं तोंडात ढकलता येतो. तोच भात गार झाला की त्याची ढेकळं होतात. घास करावा तर फुटतो, नाहीतर वडीसारखा उचलून येतो. आणि बूडलचा भात गार होणार हे ठरलेलंच. रास पातळ पसरलेली, पान उघडं, डोक्यावर एसीचा झोत. मांडायलाच वेळ जातो, कारण कोळंबी सरळ रेषेत लागली पाहिजे आणि अंड्यांच्या फोडी एकाआड एक. मग एडसा रस्त्यावरच्या गर्दीत अडकलेल्या शेवटच्या माणसाची वाट बघायची, कारण एकट्यानं सुरुवात करणं बरं दिसत नाही. तो आला की फोटो. मग कुणीतरी खुर्चीवर चढून वरून फोटो. तोवर लिएम्पोची चरबी पांढरी पडून पानाला चिकटलेली असते. ताटातलं जेवण आत नेऊन गरम करून आणता येतं, टेबलभर मांडलेलं कोण उचलणार? एका ठिकाणी मी वेटरला विचारलं, भात नंतर आणता येईल का. तो अगदी अदबीनं म्हणाला, भाताशिवाय बाकीचं ठेवायचं कशावर, सर? त्याचंही बरोबरच होतं.

उलट इनासालच्या हॉटेलात भात वाढायला एक माणूस फिरत असतो. त्याच्या हातात झाकणाचा डबा, आणि हात वर केला की वाफाळता वाटीभर भात ताटात पडतो. हवा तेवढा भात, ज्याला इथं अनली-राइस म्हणतात, तो ताटाच्या दरातच येतो (सगळ्या हॉटेलांत नाही, बसण्याआधी विचारून घ्यावं). 2017 साली सिनेटर सिंथिया व्हिल्यार यांनी मधुमेहाचं कारण देत या अनली-राइसवर बंदी आणण्याची भाषा केली आणि देशभर असा गदारोळ झाला की त्यांना माघार घ्यावी लागली. तो वाढपी तिसऱ्यांदा टेबलाशी येऊन उभा राहिला की लोक का चिडले असतील ते कळतं.

टेबलावर केशरी तेलाची बाटली असते. कोंबडीच्या चरबीत आत्सुएते आणि लसूण परतून ते करतात. गरम भातावर त्याची धार सोडायची, आपण वरणभातावर तूप सोडतो तशी. शेजारी सिनामाक, म्हणजे मिरच्या, लसूण आणि आलं घालून मुरवलेलं व्हिनेगर. वाटीत थोडं सोया सॉस, त्यात कालामान्सी पिळायचं, एक लहान मिरची चुरडायची. माझ्या नेहमीच्या जागी याबरोबर आंबट सूपही देतात, आणि ते मी सरळ भातावर ओततो. बूडलमध्ये पातळ पदार्थाला थाराच नाही, पानावरून ओघळून मांडीवर येईल. सार-आमटीवर वाढलेल्या माणसाला त्या सुक्या राशीपुढे चौथ्या-पाचव्या घासाला काहीतरी कमी वाटू लागतं. निदान मला वाटतं.

आता बूडलच्या बाजूनं. आठ-दहा जण असाल, त्यात ऑफिसचे फिलिपिनो सहकारी असतील, तर इनासालच्या चौकोनी टेबलांवर ती मजा येत नाही. कोण साहेब आणि कोण नवखा हे बूडलच्या टेबलावर खरोखरच पाच मिनिटांत पुसलं जातं. पदार्थांचं वैविध्यही तिथंच, विशेषतः मासे खाणाऱ्यांसाठी. जायचंच असेल तर एसी नसलेली, उघड्या पडवीची जागा निवडा आणि सगळे जमल्याशिवाय मांडू नका असं बुकिंग करतानाच सांगा. पुष्कळ ठिकाणी प्लास्टिकचे पातळ हातमोजे पुढे करतात. ते नम्रपणे परत करावेत. मोज्याला भात चिकटतो, आत बोटं घामेजतात, आणि मग हातानं जेवायला आलो कशाला? डावा हात वापरला म्हणून इथं कुणी भुवया उंचावत नाही, कोळंबी सोलायला तो लागतोच. फक्त एक हात कोरडा ठेवला तर पाण्याचा ग्लास उचलता येतो.

शाकाहाऱ्यांची दोन्हीकडे पंचाईत. बूडलमधली भेंडी, वांगी, रताळ्याचा पाला बघून हुरूप येतो, पण शेजारी बागूंग, म्हणजे खारवलेल्या जवळ्याची चटणी असते आणि सगळ्यांची बोटं तिच्यात बुडून मग भाताकडे येतात. इनासालच्या हॉटेलात भात, कालामान्सी आणि कच्च्या पपईचं लोणचं एवढ्यावर भागवावं लागेल, पण निदान ताट आपलं स्वतःचं असतं.

मनिलाबाहेर तियाओंगच्या व्हिला एस्कुदेरो या रिसॉर्टमध्ये धरणाच्या सांडव्याखाली वाहत्या पाण्यात पाय सोडून हातानं जेवतात. ते एकदा बघण्यासारखं आहे, पण तो दिवसभराच्या सहलीचा मामला झाला, मंगळवारच्या रात्रीच्या भुकेचा नव्हे.

भुकेला एकटा-दुकटा असलो तर माझे पाय इनासालकडेच वळतात. तुमचं वेगळं असू शकेल, गार भाताचं ज्याला काही वाटत नाही त्यानं बेलाशक बूडल मांडावं. इनासालला जाणार असाल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. मॉलमधल्यापेक्षा रस्त्यावर धूर सोडणारं बाकोलोद पद्धतीचं लहान दुकान मिळालं तर ते बघा. आणि ऑर्डर देताना ‘पाआ’ म्हणा, म्हणजे तंगडी येईल. ‘पेचो’ म्हणजे छाती, ती भाजताना कोरडी पडते. माझ्या भागातल्या दुकानात पाआ सगळ्यात आधी संपतं, म्हणून मी साडेसातच्या आत जातो.