टक्क्यांच्या शेजारचा आकडा: विंडोजची स्वतःची टूल्स आठ महिने वापरून

लॅपटॉप सहा वर्षांचा. विंडोज १०, रॅम ८ जीबी आणि आत जुन्या पद्धतीची फिरणारी हार्ड डिस्क. बटण दाबून अंघोळ उरकून आले तरी निळं वर्तुळ गरगरतच असायचं. दादाचं निदान ठरलेलं: "रॅम वाढव." मी ऑर्डर देणारच होते. म्हटलं, त्याआधी लॅपटॉप स्वतः काय सांगतोय ते तरी बघू. वेगळं काहीच इन्स्टॉल केलं नाही, जे आधीपासून आत होतं तेच वापरलं.

सुरुवात टास्क मॅनेजरपासून, म्हणजे कोण किती रॅम, डिस्क नि प्रोसेसर वापरतंय ते दाखवणाऱ्या टूलपासून. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की थेट उघडतो. पहिल्या दिवशी मेमरी ८२ टक्के दिसली आणि दादा बरोबर निघाला असं वाटलं. पण मेमरी भरलेली असणं हा आजार नव्हे. आजार आहे तो रॅम कमी पडून सारखं डिस्ककडे धावावं लागणं, आणि ते रिसोर्स मॉनिटर या विंडोजच्याच दुसऱ्या टूलमध्ये 'हार्ड फॉल्ट्स' या नावाने दिसतं. (नाव ऐकून घाबरू नका. यात बिघाड काही नसतो. हवं असलेलं मेमरीचं पान रॅममध्ये नव्हतं म्हणून डिस्कवरून आणावं लागलं, एवढाच अर्थ.) माझ्याकडे तो आलेख जवळजवळ सपाट होता.

डिस्क मात्र १०० टक्के कामात. तेही पुरतं खरं नाही, कारण त्याच वेळी वाचण्याचा वेग सेकंदाला १ एमबीसुद्धा नव्हता. बारीकसारीक फायली इकडून तिकडून वाचताना फिरणारी डिस्क अशी मंदावतेच, म्हणून टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये डिस्कच्या पानावरचा ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम (एका मागणीला उत्तर द्यायला लागणारा सरासरी वेळ) पाहिला. धडधाकट फिरणारी डिस्क साधारण १०-२० मिलिसेकंदांत उत्तर देते. माझी १८०० घेत होती. मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोज स्वतःच्या घडामोडी टिपून ठेवतं तिथे, सिस्टिमचा लॉग उघडला. 'डिस्क' या स्रोताखाली ७ नंबरचा इव्हेंट ओळीने सतरा वेळा: बॅड ब्लॉक, म्हणजे डिस्कचा खराब झालेला भाग. त्याच संध्याकाळी फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर कॉपी केली आणि आठवड्याभरात एसएसडी (फिरणारे भाग नसलेली, वेगवान डिस्क) बसवून घेतली. रॅम आजही ८ जीबीच आहे.

इथे एक सावधगिरी. इव्हेंट व्ह्यूअर ठणठणीत कॉम्प्युटरवरही लाल-पिवळ्या खुणांनी भरलेला असतो. डिस्ट्रिब्युटेडकॉम या स्रोताचा १००१६ नंबरचा इव्हेंट तर दुर्लक्ष करा असं खुद्द मायक्रोसॉफ्टच सांगतं. फोनवरून 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे' म्हणणारे भामटे हीच यादी उघडायला लावून लोकांना घाबरवतात. आधी लक्षण नक्की करा, मग त्या वेळेच्या नोंदी शोधा. उलट्या क्रमाने गेलात तर रात्र सरेल, हाती काही लागणार नाही.

टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबबद्दल (लॅपटॉपबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी) फार लिहीत नाही, सगळेच लिहितात. तिथला 'हाय' हा शेरा उगाच मारलेला नसतो, एवढं माहीत असलेलं बरं. सुरू होताना १ सेकंदापेक्षा जास्त सीपीयूचा (प्रोसेसरचा) वेळ किंवा ३ एमबीपेक्षा जास्त डिस्कचं काम घेणाऱ्या प्रोग्रॅमला तो मिळतो. एसएसडीवर ३ एमबी म्हणजे काहीच नाही. म्हणून दिसेल ते बंद करत सुटू नका.

गंमत वाटली ती अपटाइमची, म्हणजे विंडोज किती वेळ सलग चालू आहे त्या आकड्याची. रोज रात्री शट डाउन करायचे आणि सीपीयूच्या पानावर अपटाइम १९ दिवस! विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलं. ते चालू असेल तर शट डाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. खरी नवी सुरुवात हवी असेल तर रीस्टार्ट करावं लागतं. 'बंद करून चालू केलं, तरी तसंच' या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं.

पाचव्या महिन्यात नवाच ताप. व्हिडिओ कॉल अडखळायला लागले, टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटायला लागलं. सीपीयू १०० टक्के, पण यादीत खादाड असा एकही प्रोग्रॅम नाही. दोन दिवस मी चुकीच्या ठिकाणी शोधत बसले. मग आलेखाखालच्या स्पीडकडे लक्ष गेलं: ०.७८ गिगाहर्ट्झ. मूळ वेग २.४ चा! म्हणजे कामाचा बोजा वाढलेला नव्हता, प्रोसेसरच पाय बांधल्यासारखा चालत होता. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नेल-प्रोसेसर-पॉवर या स्रोताचा ३७ नंबरचा इव्हेंट सापडला. फर्मवेअर (लॅपटॉपच्या हार्डवेअरमध्येच बसवलेलं सॉफ्टवेअर) प्रोसेसरचा वेग रोखून धरतंय, असा त्याचा अर्थ. का, ते तो सांगत नाही. धुळीने गरम होत असेल म्हणून पंखा साफ केला. फरक शून्य.

उत्तर मिळालं रिलायबिलिटी मॉनिटरमुळे, तेही आडवळणाने. हा बिचारा कंट्रोल पॅनेलच्या कोपऱ्यात पडून असतो, पण कोणत्या दिवशी काय इन्स्टॉल झालं, काय कोसळलं याची तारीखवार वही ठेवतो. व्हिडिओ कॉलचं ॲप पहिल्यांदा बंद पडल्याची लाल खूण ज्या दिवशी, त्याच्या आदल्याच दिवशी मूळ चार्जर हरवला म्हणून मी कमी वॉटचा दुसरा जोडला होता. चार्जरची नोंद अर्थात त्या वहीत नाही, पण तारीख बघून मला आठवलं. वीज कमी पडत होती म्हणून वेग रोखला जात होता. योग्य वॉटचा चार्जर आणला, स्पीड २.४ च्या वर.

कुरकुर आहेच. टास्क मॅनेजरचे आलेख मिनिटभराचेच, त्यामुळे चोरी चालू असतानाच चोर पकडावा लागतो. सीपीयूचं तापमान कुठेच दिसत नाही. ते दिसलं असतं तर पंख्याच्या नादी लागलेच नसते. टास्क मॅनेजरची पळती यादी वाचायची असेल तर कंट्रोल दाबून धरा, आकडे जागच्या जागी थांबतात. हे मला सहाव्या महिन्यात कळलं. परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये तासन्‌तासांची नोंद ठेवता येते, पण त्याच्या काउंटरांच्या (मोजमापांच्या) जंगलात मी तीनदा शिरले आणि तीनदा परत आले.

गेल्या आठवड्यात दादाचा फोन. त्याचा डेस्कटॉप हँग होतोय.

"डिस्कचा रिस्पॉन्स टाइम किती दाखवतोय रे?"

"थांब गं, आधी रॅम बघू दे."