व्हिएतनाम फक्त 41,500: आमचे 1,42,600 कसे गेले त्याची गोष्ट

2024 च्या दिवाळीत ठरलं की आता गोवा-महाबळेश्वर बास, एकदा तरी परदेशात जायचं. मी, बायको, साडू आणि मेव्हणी. चौघांचे मिळून 2 लाख, वर एक रुपया नाही असं साडूंनी आधीच बजावलेलं. सुट्टी पण त्यांना जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातच मिळणार होती.

बाली पहिल्यांदा कटलं. तिकडे व्हिसा ऑन अरायव्हल 5 लाख रुपिया आणि फेब्रुवारी 2024 पासून पर्यटकांवर दीड लाख रुपियाचा वेगळा कर, म्हणजे माणशी साडेतीन हजार रुपये विमानातून उतरल्या उतरल्याच गेले. थायलंडला व्हिसा लागत नव्हता, सगळ्यात स्वस्त तेच पडत होतं, पण मेव्हणीला त्या हालाँग बेच्या बोटीत एक रात्र राहायचंच होतं. झालं, व्हिएतनाम.

ओळखीच्या एजंटने माणशी 52,000 सांगितले, टॅक्स धरून. म्हणजे 2 लाख 8 हजार. तो म्हणाला सुद्धा की 29 जानेवारीला त्यांचं नवीन वर्ष आहे, टेट, अख्खा देश गावी जातो, तिकिटं महाग आहेत, दहा दिवस अलीकडे सरका. आम्हाला वाटलं भाव वाढवायला कारणं सांगतोय. त्या 8 हजारांसाठी इन्स्टावर दुसरा शोधला, त्याने त्याच तारखांना माणशी 41,500 सांगितले. सगळ्यात महागड्या आठवड्यात हा माणूस दहा हजार कमी कसे घेतोय हा प्रश्न चौघांपैकी एकालाही पडला नाही, उलट मी स्वतःला लय हुशार समजत होतो.

वरून 5% जीएसटी आणि 5% टीसीएस (इन्कम टॅक्सपोटी आधीच घेतली जाणारी रक्कम), चौघांचे मिळून दोन्हीचे 8,300-8,300. त्यासाठी पॅन मागितलं, त्यामुळे तर अजूनच विश्वास बसला. पैसे मात्र त्याच्या पर्सनल यूपीआयवर, कारण "दादा, कंपनीचं अकाउंट ऑडिटमुळे बंद आहे, दोन दिवसांचा प्रश्न आहे". आधी 60,000, मग 82,600. 40,000 व्हिसा आल्यावर द्यायचे होते.

दुसऱ्या दिवशी पीएनआर आला. मी एअरलाईनच्या साईटवर टाकून बघितला, चौघांची नावं बरोबर. आता ह्यात फसवणूक कुठे दिसणार? तर ते बुकिंग नुसतं होल्डवर होतं, पैसे न भरता धरून ठेवलेलं. तसं धरलेलं बुकिंग एक-दोन दिवसांत आपोआप उडतं. मोठ्या एअरलाईनचं तिकीट खरंच निघालं असेल तर त्यावर 13 आकडी तिकीट नंबर असतो, आमच्या कागदावर तो नव्हता आणि असतो हेच माहीत नव्हतं. चार दिवसांनी सहज बघितलं तर पीएनआर सापडेना. म्हणे "शेड्यूल चेंज आहे दादा, टेन्शन नका घेऊ". हॉटेलचं पण तेच, फ्री कॅन्सलेशनवालं बुकिंग करून कन्फर्मेशन आम्हाला पाठवलं आणि मागून कॅन्सल केलं. हनोईच्या हॉटेलला मेल केला तेव्हा कळलं.

मग त्याने व्हिसाच्या चार पीडीएफ टाकल्या, आता 40,000 सोडा म्हणून. बायको घरी आलेले कागद नीट वाचते (मी वाचत नाही, हे ती आता दर आठवड्याला ऐकवते), तिने चारही मोबाईलवर शेजारी शेजारी उघडले. चौघांचा रजिस्ट्रेशन कोड एकच! फोटो बदललेले, पासपोर्ट नंबर बदललेले, कोड तोच. व्हिएतनामचा ई-व्हिसा त्यांच्या सरकारी साईटवर कोड, ईमेल आणि जन्मतारीख टाकून तपासता येतो. ईमेल कुठला दिला होता विचारलं तर फोन कट. सिंगल एन्ट्रीची फी 25 डॉलर आहे आणि अर्ज स्वतः भरता येतो, हे पण मी त्या रात्रीच वाचलं.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, फोन केला, त्यांच्या पोर्टलवर तक्रार टाकली, पण पहिलं पेमेंट होऊन तीन आठवडे झाले होते आणि त्याच्या खात्यात काही उरलं नव्हतं. ह्यात तासांचा हिशोब असतो, लवकर कळवलं तर पैसे पुढे जायच्या आत गोठवता येतात. आम्ही मात्र "बिचारा खरंच अडचणीत असेल" म्हणत दहा दिवस त्याचे व्हॉइस मेसेज ऐकत बसलो. पोलिसांचं नाव काढल्यावर त्याने 15,000 परत पाठवले, मग ब्लॉक.

टीसीएस तरी रिटर्नमध्ये वळता होईल अशी वेडी आशा होती. जुलैमध्ये 26एएस, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराचा तक्ता, उघडून बघितलं, आमच्या पॅनवर एक रुपया दिसत नाही. सीएने नुसतं माझ्याकडे बघितलं.

सुट्टी टाकलेलीच होती म्हणून जानेवारीत तारकर्लीला जाऊन आलो. मेव्हणी बोटीत बसली नाही.