ओढ्याचं पाणी तपासायचं किट: दोन पावसाळे वापरल्यावर

गेल्या वर्षी मे महिन्यात कोल्हापुरातून पाणी तपासायचं किट आणलं. पेटीत पीएच, क्लोराइड, कठीणपणा असं बरंच काही आहे, पण मला हवं होतं नायट्रेट, युरियासारख्या खतातून पाण्यात उतरतं ते. आमचा सुरूचा, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या लागणीचा ऊस ओढ्याला लागून आहे. हा ओढा भोगावतीला जातो, भोगावती प्रयाग चिखलीला पंचगंगेत. त्याच्याच काठावर वाडीची विहीर आहे, अंगणवाडीची पोरं तिचं पाणी पितात. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट आटल्यावर वाढतं, म्हणून जीव टांगणीला होता.

वापरायला सोपं आहे. नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, पुडीतली भुकटी टाकून हलवायचं आणि थांबायचं. नायट्रेट असेल तसं पाणी गुलाबी होतं. मग ०, १०, ४५, १०० अशा रंगांच्या तक्त्याशी ताडून बघायचं. लिटरला ४५ मिलिग्रॅम ही पिण्याच्या पाण्याची मर्यादा.

भरणीचा, म्हणजे उसाला माती चढवतानाचा युरिया टाकून दहा-बारा दिवस झाले आणि मृगाचा पाऊस कोसळला. दुसऱ्या दिवशी दोन नळ्या भरल्या. एक शेताच्या वरच्या अंगाला, दुसरी आमची चर ओढ्याला मिळते तिथून खाली. वरची जेमतेम गुलाबी. खालची कण्हेरीच्या फुलासारखी, ४५ च्या पार पुढे. ते आमच्याच पोत्यातलं खत होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

यंदा तोच युरिया दोन हप्त्यांत दिला, पावसाचा अंदाज बघून. चरीच्या तोंडाशी वाळ्याच्या गवताची दाट ओळ लावली. खालची नळी या वेळी १० आणि ४५ च्या मध्ये आली. एका वर्षावरून ठाम बोलणार नाही, पण मला बरं वाटलं.

तक्रारी आहेत. सूचना फक्त इंग्रजीत. भाचीनं मराठीत लिहून दिल्या तेव्हा कळल्या. गढूळ पाण्यात रंग लागत नाही, हे कुठेच लिहिलेलं नाही. मी आधी पाणी निवळू देते. पुड्यांची मुदत बघूनच घ्या, संपलेल्या पुडीला रंग फिका येतो आणि फसायला होतं. तणनाशक या किटमध्ये कळतच नाही, त्यासाठी प्रयोगशाळाच गाठावी लागते.

तरीही ओढ्याकाठी शेत असेल तर घ्याच, आणि वर-खाली दोन्हीकडे तपासा. एकट्या नळीवरून खत कुणाचं ते कळत नाही.

उरलेल्या पुड्या वरच्या अंगाच्या जाऊबाईंना दिल्यात. पुढच्या मृगात आम्ही दोघी मिळून त्यांच्या चरीपाशी उभ्या राहणार आहोत.