बोटाच्या ठशाने उघडणारी पिस्तुलाची तिजोरी: वर्षभराच्या वापरानंतर

आम्ही डॅलसजवळ राहतो. घरात सात वर्षांचा मुलगा आणि नवऱ्याचं नऊ मिलिमीटरचं पिस्तूल. टेक्सासात निष्काळजीपणाने ठेवलेलं भरलेलं हत्यार 17 वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागलं तर तो गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी मी ते उघड्यावर ठेवू दिलं नसतं. वर्षभरापूर्वी पलंगाशेजारी ही छोटी तिजोरी आली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

चांगलं आधी सांगते. पत्रा जाड आहे, पलंगाच्या पायाला बांधायला पोलादी केबल दिलीय, अंधारात बटणं चाचपून कळतात आणि उघडतानाचा तो ‘टीं’ आवाज बंद करता येतो. नवऱ्याचं बोट टेकलं की झाकण टणकन वर येतं. त्याला विचाराल तर तो पाचपैकी पाच देईल.

आता माझं बोट. मी नर्स आहे. बारा तासांच्या शिफ्टमध्ये दर पेशंटमागे सॅनिटायझर, साबण, ग्लोव्ह्ज, परत साबण. घरी येते तेव्हा बोटांची टोकं कागदासारखी कोरडी झालेली असतात, आणि त्यात हिवाळ्यात हीटरची हवा. बोट टेकवते, लाल दिवा. पुसून टेकवते, लाल दिवा. हँडक्रीम लावलं तर सेन्सरवर तेलकट डाग पडतो आणि मग नवऱ्याचंही बोट चालत नाही. आपल्याकडे रेशन दुकानात मशीनवर आजीचा अंगठा उमटत नाही आणि मागची रांग कुरकुरते, तसलंच हे. फक्त इथे रांगेत मागे चोर उभा असू शकतो.

एक युक्ती उपयोगी पडली. एकच बोट वेगवेगळ्या कोनांतून, वेगवेगळ्या जागांवर नोंदवायचं. आणि ती नोंदणी आंघोळीनंतर मऊ हातांनी नाही, ड्युटीवरून आल्या आल्या करायची. बराच फरक पडला, पण भरवसा वाटावा इतका नाही. मी आता सरळ कोडच दाबते. म्हणजे ज्यासाठी जास्त पैसे मोजले, ती सोय माझ्यापुरती शोभेची आहे.

मंडळाच्या गणपतीत हे रडगाणं ऐकून एकाने सल्ला दिला, ‘मग तिजोरी कशाला, स्मार्ट गनच घ्या की.’ म्हणजे ओळखीच्या माणसाच्या हातातच चालणारं पिस्तूल. कोलोरॅडोच्या बायोफायर कंपनीने 2023 मध्ये तसं एक जाहीर केलं: मुठीवर ठसे वाचणारा सेन्सर, मागे चेहरा ओळखणारा कॅमेरा, दोन्हींपैकी एक जुळलं तरी पुरे, किंमत 1,499 डॉलरपासून. मी ते हातात घेतलेलं नाही, त्यामुळे त्याला नावं ठेवत नाही. दोन वाटा ठेवल्यात हे शहाणपणाचंच आहे. पण माझ्या बोटांचा इतिहास माझ्याजवळ आहे. तिजोरीने नकार दिला तर कोड आहे. हातातल्या पिस्तुलाने ऐन वेळी नकार दिला तर कोड दाबायला कोण थांबणार?

याआधीचं उदाहरणही धीर देणारं नाही. जर्मनीच्या आर्माटिक्सचं .22 चं पिस्तूल मनगटावरचं खास घड्याळ जवळ असेल तरच चालायचं. 2017 मध्ये एका हॅकरने 15 डॉलरच्या लोहचुंबकांनी ते घड्याळाशिवाय चालवून दाखवलं, आणि रेडिओ लहरींचा गोंधळ घालून घड्याळवाल्यालाही अडवून दाखवलं. नको त्याला हो आणि हव्या त्याला नाही, दोन्ही एकाच पिस्तुलात!

नेमबाजीच्या रेंजवरची मंडळी मात्र स्मार्ट गनवर वेगळ्याच कारणाने चिडतात. न्यू जर्सीने 2002 मध्ये कायदा केला होता की देशात कुठेही स्मार्ट गन विक्रीला आली की ठरावीक मुदतीनंतर राज्यातल्या दुकानांत तसलीच पिस्तुलं विकायची, पोलिसांना मात्र सूट. 2019 मध्ये तो बदलला, पण ‘पोलिसांना नको ते आम्हाला का?’ हा प्रश्न अजून ऐकू येतो. मला तो बिनतोड वाटतो.

तरी मला खरी धास्ती ‘माझ्यासाठी उघडेल का’ याची नाही. भलत्यासाठी उघडलं तर? ऑक्टोबर 2023 मध्ये फोर्ट्रेस कंपनीच्या सुमारे 61,000 तिजोऱ्या परत मागवल्या गेल्या. ठसे नोंदवले असं मालकाला वाटायचं, पण कुलूप मूळ स्थितीतच राहून कुणाच्याही बोटाने उघडू शकायचं. एका 12 वर्षांच्या मुलाच्या मृत्यूचा दावा कोर्टात होता. ते वाचल्यापासून आमच्याकडे बॅटरी बदलली की तिजोरी रिकामी करून मुलाची दहाही बोटं लावून बघतो. त्याला तो खेळ वाटतो. आजवर एकदाही उघडली नाही, याचे गुण द्यायलाच हवेत.

आणि किल्ली. सोबत येणारी जादा किल्ली पलंगाच्या खणात ठेवली की सगळं मुसळ केरात. आमची माझ्या हॉस्पिटलच्या लॉकरमध्ये असते. म्हणजे रात्री तिचा उपयोग शून्य, मदार सगळी कोडवर आणि बॅटरीवर.

मी पाचपैकी तीन देते. घरात सगळ्यांची बोटं धड असतील तर जरूर घ्या. नर्स, गवंडी, माळीकाम करणारे, सतत भांडी घासणारे यांनी दुकानात जाऊन स्वतःच्या बोटाने, तेही कामावरून आल्यावर, पाहून घ्यावी. आम्ही पुढची तिजोरी यांत्रिक बटणांची घेतोय, बॅटरीच नसलेली. नवरा अजून कुरकुरतोय. ही पासपोर्ट ठेवायला वापरू.