फ्लॅटमधली तालीम: ऑलिम्पिक रॉड, जुन्या प्लेटी आणि एक पावसाळा

सामान घरात आलं ते गेल्या मेच्या अखेरीस. आता होळीही उलटली, म्हणजे नव्याचे नऊ दिवस केव्हाच सरले. आठवड्यातून तीन सकाळी स्क्वॉट (रॉड खांद्यावर घेऊन उठबस), बेंच प्रेस (बाकावर पाठीवर झोपून रॉड छातीवरून वर ढकलणं), डेडलिफ्ट (रॉड जमिनीवरून उचलणं), ओव्हरहेड प्रेस (रॉड डोक्यावर ढकलणं) आणि रोइंग (वाकून रॉड पोटाकडे ओढणं), एवढंच करतो. जागा म्हणजे ठाण्यातल्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरची १० बाय १० ची खोली. इस्त्रीचं टेबल तिथेच, माळ्यावर चढायची शिडीही तिथेच.

पैसे घालायचे तर रॉडमध्ये घाला, बाकी सगळं हळूहळू जमवता येतं. ऑनलाइन मिळणारे ‘२० किलो कॉम्बो’ बहुतेक एकाच छापाचे असतात: प्लॅस्टिकच्या कवचात सिमेंटसारखा माल भरलेल्या प्लेटी, तीन फुटी रॉड, डंबेलचे दोन दांडे, वर हातमोजे फुकट. डंबेलपुरतं ते ठीक. पण त्या प्लेटी इतक्या जाड असतात की रॉडवर चार चढवल्या की जागा संपते, आणि तीन फुटी रॉड स्क्वॉटच्या स्टँडवर टेकतच नाही.

मी ७ फुटी ऑलिम्पिक रॉड घेतला. वजन २० किलो, आणि प्लेट बसते तो भाग ५० मिमीचा, स्वतःभोवती फिरणारा. या फिरण्याचेच पैसे असतात. वजन उचलताना प्लेटींचा पीळ मनगटावर येत नाही. खोलीत रॉड मावतो, दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट उरतं, तेवढ्यात प्लेट चढवता येते. ७ फूट मावत नसेल तर साधा ५ फुटी भरीव रॉड घ्या, पण वजन तपासून. २८ मिमी जाडीचं भरीव पोलाद मीटरला साधारण ४.८ किलो भरतं, म्हणजे ५ फुटी रॉड साडेसात किलोच्या आसपास हवा. चार-पाच किलोच भरला तर तो आतून पोकळ आहे किंवा सांगितल्यापेक्षा बारीक.

प्लेटी बंद पडलेल्या एका जिममधून किलोच्या भावाने उचलल्या, ओतीव लोखंडाच्या. रंग उडालेला, पण लोखंडाला काय होतंय! रद्दीवाल्याच्या काट्यावर तोलल्या तेव्हा २० चा शिक्का असलेली एक साडेएकोणीस भरली. माझं त्यावाचून काही अडत नाही.

अडलं ते लहान वजनांवर. दुकानात अडीचच्या खाली सहसा काही नसतं, आणि अडीचची जोडी चढवली की एकदम ५ किलो वाढतात. स्क्वॉटमध्ये ते पचतं, ओव्हरहेड प्रेसमध्ये नाही. सव्वा किलोची जोडी शोधून आणली, आणि त्याहून लहान उडीसाठी पायाला बांधायची अर्ध्या किलोची वजनं रॉडच्या दोन टोकांना गुंडाळतो. दिसतं विचित्र, पण दोन महिने अडलेला प्रेस त्यानेच पुढे सरकला. स्क्वॉट ४० किलोवरून ८५ वर आलाय.

ओव्हरहेड प्रेसचा दुसरा शत्रू म्हणजे पंखा. १२०० मिमीचा पंखा खोलीच्या मधोमध, आणि हात वर ताणले की प्लेटींचा वरचा काठ पात्यांच्या फार जवळ जातो. इलेक्ट्रिशियनला बोलावून तो काढला आणि भिंतीवरचा लावला. उन्हाळ्यात हवा कमी लागते, एवढी तक्रार आहे.

खालच्या मजल्यावरच्या काकूंचा प्रश्न मात्र खरा. पहिल्याच आठवड्यात जिन्यात भेटल्या: “अहो, सकाळी सकाळी काय पाडता वर?” तेव्हापासून टाइल्सवर प्लायवूड आणि त्यावर १५ मिमीची रबरी मॅट आहे, आणि डेडलिफ्टमध्ये वजन सोडून न देता टेकवतो. मॅट टायरच्या चुऱ्याची, तिचा वास महिनाभर घरभर होता. स्लॅबच्या भारावरून घरात चर्चा झाली, तीही सांगतो. घरांच्या मजल्यासाठी आयएस ८७५ या इमारतींवरच्या भाराच्या भारतीय मानकात चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरलेला असतो. माझं सगळं लोखंड, बेंच, स्टँड आणि मी मिळून पावणेतीनशेच्या आत, तेही खोलीभर पसरलेलं. पण तो हिशेब शांत उभ्या वजनाचा. आपटायचं असेल तर तळमजला बघा.

पावसाळा वाईट गेला. जुलैत रॉडच्या खरखरीत पकडीत तांबूस गंज धरला आणि बेंचच्या रेक्झिनवर बुरशी आली. आता व्यायाम झाला की कोरडं फडकं, आठवड्यातून एकदा पितळी तारेचा ब्रश आणि शिलाई मशीनचं तेल, तेही पुसून घ्यायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी रॉड हातातून निसटतो.

एकट्याने बेंच प्रेस करताना मी प्लेटींना क्लिप लावत नाही. रॉड छातीवर अडकला तर एका बाजूने कलवून प्लेटी सांडता येतात. मॅट त्यासाठीही आहे. स्क्वॉटचा स्टँड मात्र सेफ्टीचे आडवे हात असलेलाच घ्या, आणि दोन सुटे खांब नकोत, खाली जोडलेली चौकट हवी.

पुलअपसाठी दारावर अडकवायचा बार आपल्याकडच्या बहुतेक चौकटींना बसत नाही, कारण तो ज्या पट्टीवर टेकतो ती आपल्या दारांना नसते. सुदैवाने हॉलमध्ये झोपाळ्याच्या कड्या होत्या. झोपाळा गच्चीत गेला, कड्यांना लाकडी रिंगा लागल्या. रविवारी मुलं लोंबकळतात, इतर दिवशी मी. आईला झोपाळा परत हवाय, वाटाघाटी सुरू आहेत.

केबल मशीनची उणीव भासते, लेग प्रेसची अजिबात नाही. पुढची खरेदी १० च्या दोन प्लेटींची. बेंच विकायला काढलाय: पाठ उचलायची सोय आहे खरी, पण बैठक आणि पाठ यांच्यामधल्या फटीत कंबर रुतते. सरळ, सपाट बेंच कुणाकडे पडून असेल तर कळवा, ठाणे-डोंबिवलीत कुठेही येऊन घेऊन जाईन.