कोरा मेल आला तर काय करावं: डिलीट, स्पॅम, ब्लॉक की तक्रार?

सोसायटीचा मेलबॉक्स माझ्याकडे आल्यापासून दर आठवड्याला दोन-तीन तरी कोरे मेल दिसतात. विषय नाही, मजकूर नाही; कधी नुसती अगम्य अक्षरांची रांग. समितीत एक जण म्हणतो पुसून टाक, दुसरा म्हणतो ब्लॉक कर, आणि एक काका म्हणतात थेट सायबर पोलिसांना कळव. म्हणून हे सगळे पर्याय शेजारी शेजारी ठेवून पाहिले.

आधी हे मेल येतात का, ते बघू. काही वेळा कुणीतरी नुसते पत्ते तपासत असतं. अंदाजाने हजारो पत्त्यांवर मेल सोडायचे. जे परत येत नाहीत ते पत्ते चालू, असं समजायचं. काही वेळा स्पॅम पाठवणाऱ्याचाच प्रोग्राम फसतो. ईमेलच्या नियमांप्रमाणे वरचे हेडर (मेल कुणाकडून, कुठून, कधी आला याच्या नोंदी) आणि खालचा मजकूर यांच्यामध्ये एक रिकामी ओळ लागते, आणि अनेक भागांच्या मेलमध्ये प्रत्येक भागाची सीमा दाखवणारी खूण लागते. ती चुकली की मजकूर आत असूनही पडद्यावर उमटत नाही. तिसरा प्रकार डोळ्यांना न दिसणाऱ्या इवल्याशा चित्राचा: ते लोड झालं की मेल उघडल्याचं पाठवणाऱ्याला कळतं.

पण प्रत्येक कोरा मेल स्पॅम नसतो. आउटलुकमधून ‘रिच टेक्स्ट’ पद्धतीने पाठवलेला मेल दुसऱ्या ॲपमध्ये कधीकधी रिकामा दिसतो आणि सोबत ‘विनमेल डॉट डॅट’ नावाची फाइल येते. ऑडिटर किंवा कंत्राटदार ओळखीचा असेल, तर आधी फोन करून विचारा. अनोळखी माणसाला मात्र ‘आपण कोण?’ असं उत्तर कधीच पाठवू नका. पत्ता चालू आहे आणि मेल वाचणारं कुणीतरी आहे, हे त्यातून आपणच सांगून बसतो.

डिलीट सगळ्यात झटपट, पण त्यातून कुणालाच काही कळत नाही. तसलाच मेल उद्या पुन्हा इनबॉक्समध्येच येणार. ब्लॉक बहुतेकांना आवडतो. माझ्या मते या कामासाठी तो सगळ्यात कुचकामी. ‘कडून’मधला पत्ता खोटा टाकता येतो आणि दर वेळी नवा असतो, कधी तिथे आपलाच पत्ता दिसतो! खरोखर एकाच पत्त्यावरून त्रास देणारा कुणी असेल, तरच ब्लॉक उपयोगी.

स्पॅम म्हणून नोंदवणं हा जीमेल किंवा तसल्या मोठ्या सेवेवर असणाऱ्या घरगुती माणसासाठी माझा पहिला सल्ला. जीमेलमध्ये असं केल्यावर त्या मेलची प्रत गूगलकडे जाते. मजकूर नसला तरी मेल कुठल्या सर्व्हरवरून आला, पाठवणाऱ्या डोमेनच्या डिजिटल सहीची तपासणी पास झाली का, हे हेडरमध्ये असतंच. शिवाय चुकून चांगला मेल गेला, तर स्पॅम फोल्डरमध्ये तो 30 दिवस राहतो.

स्पॅमकॉप ही 1998 पासूनची तक्रार-सेवा, आता सिस्कोकडे. तिथे मेलचा पूर्ण मूळ मसुदा द्यावा लागतो. जीमेलमध्ये तो ‘शो ओरिजिनल’मधून मिळतो. नुसता फॉरवर्ड केलेला मेल चालत नाही, कारण त्यात मूळ हेडर राहत नाहीत. पाकीट रिकामं असलं तरी टपालाचे शिक्के त्यावर असतात, तसं हे हेडर. ‘रिसीव्हड’ असं लिहिलेल्या ओळी खालून वर वाचायच्या. सगळ्यात वरची आपल्याच सर्व्हरने टाकलेली, म्हणून विश्वासाची, आणि अगदी खालच्या बनावट असू शकतात. त्या ओळींवरून स्पॅमकॉप मेल जिथून शिरला तो आयपी पत्ता (इंटरनेटवरच्या यंत्राचा क्रमांक) शोधतं आणि त्या नेटवर्कच्या तक्रार-विभागाला कळवतं. तक्रारी साचल्या की तो पत्ता स्पॅमकॉपच्या काळ्या यादीत जातो. तक्रारी थांबल्या की साधारण 24 तासांत आपोआप बाहेर पडतो.

कोऱ्या मेलची गोची नेमकी इथे होते. मजकूरच नसेल तर स्पॅमकॉप तक्रार स्वीकारत नाही. अशा वेळी मूळ मसुदाच त्या नेटवर्कच्या तक्रार-पत्त्यावर स्वतः पाठवता येतो. आणि जिथे मजकूर आहे पण मोडलेला आहे, तिथे दोन दिवसांच्या आत तक्रार करावी. जुना मेल ते घेत नाहीत. एवढा खटाटोप घरगुती पत्त्यासाठी मी सुचवणार नाही. स्वतःचं डोमेन आणि मेल सर्व्हर असलेल्या दुकानदाराने, शाळेने मात्र जरूर करावा. त्यांच्याकडे स्पॅमअसॅसिन (सर्व्हरवर स्पॅम गाळणारा प्रोग्राम) असेल तर तेही तपासून घ्यावं: तारीख नाही, विषय नाही, मजकूर नाही, अशा प्रत्येक उणिवेसाठी त्यात संशयाचे गुण धरले जातात आणि मूळ सेटिंगमध्ये बेरीज 5 झाली की मेल स्पॅम ठरतो.

राहिले काकांचे सायबर पोलिस. कोऱ्या मेलमध्ये ना लिंक, ना पैशाची मागणी. तपासाला काही हाती लागत नाही. ट्रायचे (दूरसंचार नियामकाचे) नको असलेल्या संदेशांचे नियम कॉल आणि एसएमएससाठी आहेत, आणि संचार साथी या सरकारी पोर्टलवरची ‘चक्षू’ ही तक्रार-सोय कॉल, एसएमएस, व्हॉट्सॲपसाठी. ईमेल त्यात येत नाही. बँकेच्या किंवा सरकारी खात्याच्या नावाने फसवी लिंक आली, तर ती सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवता येते. आणि कुणाचे पैसे गेलेच, तर मेलचं वर्गीकरण करत बसू नका. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच क्षणी फोन लावा, मग राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा, आणि तो मेल पुसू नका.

सोसायटीत आम्ही आता एवढंच ठरवलंय: ओळखीचा असेल तर फोन, नसेल तर स्पॅम, आणि बाहेरची चित्रं आपोआप न दाखवण्याचं सेटिंग कायम चालू.