बेंदराचा तयार साज : घ्यावा, पण वेसण आणि रंग बदलून

ज्येष्ठी पौर्णिमेचा कर्नाटकी बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, जवळ आला की बेळगावच्या शनिवारच्या बाजारात जोडीचा तयार साज दिसू लागतो. म्होरक्या, वेसणी, कासरे, कंडे, गोंडे, घुंगूरमाळा, चार शेंब्या (शिंगांच्या टोकांवर बसवायच्या टोप्या), दोन झुली, बेगड आणि रंगाचे डबे, सगळं एकत्र. वर्षभर मानेवर जू घेणाऱ्याचे उपकार मानायचा हा दिवस. म्हणून साज बैलाला सोसतो का ते आधी पाहावं, शोभतो किती ते नंतर.

या कसोटीवर सगळ्यात वाईट निघते ती वेसण. तयार साजात ती बहुधा नायलॉनची असते. चकचकीत दिसते, कुजत नाही, पण ओढ बसली की नाकपुडीच्या मधल्या पडद्याला कापते. मृगाच्या ओलीत त्या जखमेवर माशी बसली की एक-दोन दिवसांत किडे पडतात. ती वेसण बाजूला ठेवावी आणि दोर वळणाऱ्याकडून मऊ सुती वेसण करून घ्यावी. गाठ नाकात न येता शिंगामागे यावी. म्होरकीही सुतीच बरी, फक्त सूत भिजलं की आवळतं. म्हणून बांधताना गालाशी दोन बोटं सहज जातील एवढी सैल ठेवावी.

गोंडे दिसायला झकास आहेत. विकत घेण्याआधी एक गोंडा उलटा करून त्याचं बूड चाचपून बघा. दोऱ्याऐवजी बारीक तारेनं आवळलेला असेल तर घेऊ नका. मिरवणुकीत गोंडा सुटतो, वैरणीत पडतो, बैल न चावता गिळतो आणि तार पोटाच्या जाळीत अडकते. तिथून ती काळजापर्यंत घुसू शकते. लोकरीचा रंगही तपासावा. ओल्या पांढऱ्या फडक्यानं चोळून फडकं लाल झालं, तर पहिल्या सरीला पांढऱ्या खिल्लाराच्या मानेवर ओघळ उतरलेच म्हणून समजा.

रंगाचे डबे मात्र सरळ नाकारावेत. भिंती-दरवाज्यांचा तो ऑइलपेंट वाळायला पावसाळी हवेत दिवसापेक्षा जास्त लागतो, आणि बेंदराच्या सकाळी लावला की शेंब्या त्यातच चिकटतात. नंतर तो काढायला रॉकेल, पत्री आणि साळणं आलं. शिंग फार साळलं की आतला जिवंत भाग उघडा पडतो. वारंवार साळणं आणि रंगवणं हे शिंगाच्या कर्करोगामागचं एक कारण असावं, असं पशुवैद्य मानतात. पाण्यानं निघणारा रंग घ्यावा, चार शिंगांना शंभर मिलीत भागतं. अंगावर ठसे उठवायला हुरमुंज, म्हणजे तांबडी माती, पुरे. हिंगूळ असली असेल तर त्यात पारा असतो आणि बैल अंग चाटतो, तेव्हा तो नकोच.

शेंब्या एकाच मापाच्या येतात, ही त्यातली खोट. खिल्लाराच्या निमुळत्या टोकाला त्या ढिल्या होतात, जाड शिंगाला बसतच नाहीत. ठोकून बसवू नयेत. ढिली असेल तर आत सुती चिंधी गुंडाळावी. बाजाराला जाताना शिंगाच्या टोकाचं माप दोऱ्यानं घेऊन जावं.

घुंगरांसाठी खिशात चुंबक असावा. आतला खडा बऱ्याचदा लोखंडीच असतो, त्यामुळे चुंबक थोडा ओढला तर लगेच घुंगरू खोटं ठरवू नका. वरच्या कवचालाच घट्ट चिकटला तर ते पितळ नव्हे. पट्टा कातड्याचा हवा, रेक्झिन बकलाच्या भोकाशी फाटतं.

झूल चांगली आहे. आरसे शिवलेले हवेत, चिकटवलेले नकोत. कर तोडायला, म्हणजे वेशीत बांधलेलं तोरण तोडायला, बैल पळवण्याआधी ती काढून घ्यावी, पायात येते.

एकूण साज घेण्याजोगा आहे, पण वेसण नवी करून, रंग बदलून आणि शेंब्या मापाच्या निवडून. सण झाल्यावर सुती भाग गार पाण्यात धुऊन सावलीत वाळवावेत, पितळ चिंचेनं घासावं आणि ओल पूर्ण गेल्यावरच गाठोडं बांधावं. महाराष्ट्रीय बेंदूर आषाढात असतो. सीमेपलीकडच्या पाहुण्यांना तोच साज तेव्हा वापरता येतो.